सावित्रीची लाल रेषा

संपादक महाशय,


शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर महाडला २०२१ साली येऊन गेला, सबब सावित्री नदीकाठी अशाच पुराची हद्द दाखवून बांधकामांवर निर्बंध घालणाऱ्या लाल पूररेषेचा जाच आता नको, हा गतांकातील पत्रलेखकांचा युक्तिवाद घातक आहे. अशा पुराचा संभव दरसाल शेकडा एक असतो, काल पूर आला म्हणून तो आज तसूभरही घटत नाही, आणि तीस वर्षे नांदणाऱ्या घराच्या बाबतीत तोच शेकडा सव्वीसवर जातो.

शिवाय महाडचा पूर महाडच्या पावसावरून मोजता येत नाही. महाबळेश्वरी कोसळलेले पाणी (२०२१ च्या जुलैत चोवीस तासांत पाचशे मिलिमीटरहून अधिक) घाट उतरून येते, त्यास गांधारी व काळ या नद्यांचे लोंढे मिळतात, आणि बाणकोटच्या खाडीस त्याच वेळी भरती असली, तर वाट न उरलेले ते पाणी बाजारपेठेत शिरते. नदीकाठच्या भिंतींवर त्याने ठेवलेली चिखलाची रेघ हा कोणत्याही नकाशाइतकाच विश्वसनीय दस्तऐवज होय. तेव्हा सरकारास विनंती, की पूर ओसरताच, रंगसफेदीपूर्वी, गावोगावच्या तलाठ्यांनी ती रेघ उंचीसह पंचनाम्यात नोंदवावी.

आपला,
एक वाचक