पेड क्वारंटाईन म्हणे!

परवा आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी गप्पा कोविडच्या दिवसांवर घसरल्या. कोण कुठे अडकला होता, कुणाच्या वाड्यावर पोदेर किती दिवस फिरकला नाही, दुधासाठी बाहेर पडून कुणी पोलिसांचा दंडा खाल्ला... असं सगळं चाललं होतं. तेवढ्यात एक सहकारी म्हणाले, "मजा त्या तारवट्यांची होती बाबा! विमानातून उतरले की थेट हॉटेलात. सात दिवस एसीत लोळायचं, जेवण दारात. आम्ही इथे तांदूळ शोधत फिरत होतो."

सगळे हसले. मी हसलो नाही, आणि मी हसलो नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. म्हणून इथे लिहितोय. कुणाला राग आला तर येऊ दे.

मंडळी, ती "मजा" मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहे. २०२० च्या मे-जून महिन्यांत माझी ड्युटी अशाच एका हॉटेलच्या लॉबीत लागली होती. हॉटेलचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. मास्क, हातमोजे, समोर एक टेबल आणि एक रजिस्टर. नाव, पासपोर्ट नंबर, कुठून आला, खोली क्रमांक, दाखल तारीख, सुटका तारीख. हो, रजिस्टर आखताना त्या रकान्यावर मी स्वतःच्या हाताने "सुटका" असंच लिहिलं होतं. दुसरा शब्द सुचला नाही. आणि शेजारच्या काउंटरवर हॉटेलचा माणूस त्याच प्रवाशापुढे जो फॉर्म सरकवायचा, त्यावर छापलेलं होतं "गेस्ट". एकाच माणसाची, एकाच मिनिटात, दोन हातांच्या अंतरावर, मी कैदी म्हणून नोंद करत होतो आणि ते पाहुणा म्हणून. सगळ्या भानगडीचं मूळ ह्या दोन शब्दांत आहे असं माझं ठाम मत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर लगेच कुणीतरी म्हणेल की हा क्वारंटाईनच्याच विरुद्ध आहे. मी नाही. बाहेरून येणाऱ्याला काही दिवस वेगळं ठेवणं हा फार जुना शहाणपणा आहे. रागुसा म्हणजे आजचं दुब्रॉवनिक, तिथे १३७७ मध्ये प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवायचा नियम झाला. पुढे तिसाचे चाळीस झाले आणि चाळीस ह्या इटालियन आकड्यावरून शब्दच तयार झाला. २०२० मध्ये तर लस नव्हती, औषध नव्हतं. आपल्या गोव्यातले पहिले सात रुग्ण १९ एप्रिलपर्यंत बरे होऊन घरी गेले होते आणि मे महिन्याच्या मध्याला बाहेरून येणाऱ्यांबरोबर नवे रुग्ण आले. वेगळं ठेवायलाच हवं होतं. प्रश्न एवढाच आहे की बिल कुणी भरायचं?

केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २४ मे २०२० रोजी परदेशातून येणाऱ्यांसाठी नियम काढले. चौदा दिवस वेगळं राहायचं, त्यातले पहिले सात दिवस संस्थात्मक विलगीकरणात, स्वतःच्या खर्चाने, आणि पुढचे सात घरी. विमानात चढण्यापूर्वीच तसं हमीपत्र लिहून द्यायचं. म्हणजे बघा, परक्या देशात अडकलेला माणूस, कामावरून कमी झालेला, घरी यायला एकच विमान. त्याच्यापुढे कागद ठेवायचा आणि सही घ्यायची की मी स्वखुशीने पैसे भरीन. ह्याला संमती म्हणतात? आमच्या कचेरीत असा कागद कुणी आणला तर आम्हीच त्याला विचारू की बाबा, ही सही दबावाखाली तर नाही ना?

आता माझ्या मेव्हण्याचं सांगतो. क्रूझ जहाजाच्या लाँड्रीत काम करणारा. मार्चमध्ये जहाजं थांबली, प्रवासी उतरले, कर्मचारी मात्र जहाजावरच राहिले. मेव्हण्याचं जहाज अडीच महिने समुद्रात नांगर टाकून उभं होतं. कॉन्ट्रॅक्ट संपलं, पगार थांबला, एका लहानशा केबिनमध्ये जेवणाचं ताट दाराबाहेर. "मारेला डिस्कव्हरी" हे जहाज एप्रिलमध्ये मुंबईसमोर उभं होतं, त्यावरचे भारतीय कर्मचारी २३ एप्रिलला बंदरात उतरू शकले, तेसुद्धा गृह मंत्रालयाने खलाशांसाठी खास नियम काढल्यावर. समोर मुंबई दिसतेय आणि उतरता येत नाही, अशा अवस्थेत ती माणसं होती. त्यात आपले गोंयकारही होते.

मेव्हणा जूनच्या पहिल्या आठवड्यात दाबोळीला उतरला. कंपनीने विमान दिलं, हॉटेलचं मात्र "तुमचं तुम्ही बघा". माझ्या ड्युटीच्या हॉटेलात तो आला नाही, बरंच झालं म्हणायचं. दुसऱ्या एका हॉटेलात गेला. खोलीला बाल्कनी होती, बाल्कनीचं दार कुलूपबंद. काचेतून समुद्र दिसायचा. अडीच महिने समुद्र बघून आलेल्या माणसाला "सी व्ह्यू"चे पैसे! रात्री फोन आला. म्हणाला, "भावजी, हांव गोंयांत पावलां काय ना तेंच म्हाका कळना." मला काय बोलावं ते सुचेना. इकडचं तिकडचं बोलून फोन ठेवला.

सासूबाईंनी मानकुराद राखून ठेवले होते, मोसमातले शेवटचे. पिशवीत घालून मी स्कूटरवरून हॉटेलच्या गेटवर नेले. वॉचमनने परत पाठवले. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही. रोगाच्या भीतीने नाही हं, हॉटेलचा नियमच तसा, कोविडच्या आधीपासूनचा! साली धुऊन, पुसून, निर्जंतुक करून आंबा आत गेला असता तर कुठला विषाणू गेला असता? पण "पाहुण्या"ने हॉटेलचंच खायचं. मग काय, सात दिवस दाल फ्राय, जीरा राईस आणि पनीर. भर गोव्यात, नुस्त्याच्या हुमणाला आसुसलेला माणूस पनीर खातोय आणि त्याचे पैसे भरतोय. ते आंबे आम्ही घरी कापले. कुणी धड खाल्ले नाहीत.

आठव्या दिवशी बिल आलं. त्यात सर्व्हिस चार्ज होता. कसली सर्व्हिस? चादर त्याने स्वतः बदलली. खोली स्वतः झाडली, कारण आत कुणी यायचंच नव्हतं. तसा नियमच होता. ताट दाराबाहेर ठेवून बेल वाजवून पळणाऱ्या पोराचा दोष नाही, त्या बिचाऱ्यालाही घर होतं. पण आत पाऊल टाकायची मनाई असलेल्या खोलीच्या सेवेचे पैसे लावायला कुणाचा तरी हात धजावला ना! जहाजावर दुसऱ्यांच्या चादरी धुऊन पोट भरणारा माणूस, त्याच्याकडून त्यानेच बदललेल्या चादरीचे पैसे घेतले.

ह्यावर तीन उत्तरं नेहमी ऐकू येतात.

पहिलं, "ते डॉलरमध्ये कमावतात, भरू दे की!" हे बोलणाऱ्यांनी एकदा तारवट्याचा कॉन्ट्रॅक्ट वाचावा. जहाजावर असेपर्यंत पगार, उतरल्यावर काही नाही. आणि उतरतो तेव्हा पुढच्या कॉन्ट्रॅक्टची खात्री नाही. साष्टीत, बार्देसात किती घरं ह्या पैशांवर उभी राहिली, किती चॅपेलं रंगली, किती पोरं शिकली, हे सांगायला हवं का? मुंबईत धोबीतलावला गावागावांचे कूड होते, तिथून हीच माणसं शंभर वर्षं बोटी पकडत आली. त्यांनी धाडलेले पैसे आपल्याला चालतात. ती फेस्ताला आली की त्यांची गाडी, त्यांची दारूची बाटली, सगळं चालतं. रोगाच्या वर्षी हात हलवत परत आली तेव्हा मात्र "परदेशी प्रवासी"! आणि समजा असेल एखादा श्रीमंत, तरी मुद्दा बदलत नाही. त्याच्याकडून कर घ्या. कोंडून ठेवण्याचं भाडं कसलं घेता? तुरुंगात श्रीमंत कैद्याकडूनही कोठडीचं भाडं घेत नाहीत आणि ह्या माणसांनी तर गुन्हाही केला नव्हता.

दुसरं, "सरकारकडे पैसे कुठे होते?" पैसे नव्हते हे कबूल. पण शाळा रिकाम्या होत्या, वसतिगृहं रिकामी होती. तिथे फुकट सोय करा आणि ज्याला एसी हवा त्याला खुशाल हॉटेलात जाऊ द्या. हा पर्याय माझ्या टेबलावर आलेल्या माणसांपुढे कुणी ठेवलेला मी पाहिला नाही. त्यांच्यापुढे होती हॉटेलांची यादी. केरळनेही मेअखेरीस परत येणाऱ्यांकडून पैसे घ्यायचं जाहीर केलं, पण ओरड झाली तेव्हा गरिबांना त्यातून वगळू असं सांगावं लागलं. आपल्याकडे तशी ओरड झाल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही.

तिसरं, "त्यांनी रोग आणला." बरं. मग मांगोर हिलचं काय? जूनच्या सुरुवातीला वास्कोतला तो अख्खा भाग बंद केला. तिथल्या लोकांना घरात बसवलं म्हणून कुणी बिल पाठवलं का? नाही, आणि पाठवायलाही नको होतं. लागण झालेल्याला कोविड केंद्रात ठेवलं तर फुकट, आणि लागण न झालेल्याला केवळ संशयावरून ठेवलं तर पैसे! हा कुठला हिशेब?

खरा विनोद पुढेच आहे. २ जुलै २०२० पासून गोवा देशी पर्यटकांसाठी उघडला. अठ्ठेचाळीस तासांतला निगेटिव्ह दाखला दाखवा, या. किंवा इथे चाचणी करा, निकाल येईपर्यंत थांबा आणि मग फिरा. परदेशातून येणाऱ्याला असाच दाखला दाखवून संस्थात्मक विलगीकरणातून सूट मिळण्याची सोय केंद्राने केली ती ८ ऑगस्टपासून. म्हणजे महिनाभर अशी स्थिती होती की दिल्लीचा पाहुणा कागद दाखवून समुद्रावर, आणि काणकोणचा पोर काचेआड. दिल्लीत तेव्हा रोग किती होता ते आठवा. हॉटेलवाल्यांवर माझा राग नाही, त्यांचेही धंदे बसले होते. पण ती हॉटेलं तगवायची होती तर सरकारने तगवायची होती, बेकार झालेल्या तारवट्याच्या खिशातून नाही.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. न्यू साउथ वेल्सने आधी सगळा खर्च सोसला आणि जुलै २०२० पासून एकट्या प्रौढाला तीन हजार डॉलर लावले. ब्रिटनने फेब्रुवारी २०२१ मध्ये १७५० पौंडांचं पॅकेज काढलं आणि २३ एप्रिलला भारत लाल यादीत गेला. स्विंडनमध्ये राहणारे आपले लोक, पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे गेलेले, गोदामात राबणारे, त्यांतला जो कुणी आईच्या अंत्यविधीला गोव्यात आला असेल त्याला परत जाताना तेव्हाच्या भावाने पावणेदोन लाखांहून जास्त मोजावे लागणार. न्यूझीलंडने थोडा तरी विचार केला. ऑगस्ट २०२० मध्ये शुल्क लावताना त्यांनी आधीपासून बाहेर असलेल्या आणि आता राहायला परत येणाऱ्या नागरिकांना वगळलं. सहलीला जाऊन येणारा वेगळा आणि घरी परतणारा वेगळा, एवढा फरक त्यांना कळला. आपल्या नियमांत सुटीवरून आलेला उद्योगपती आणि नोकरी गेलेला स्वयंपाकी एकाच ओळीत.

मी कारकून आहे, म्हणून कायदा उघडून पाहिला. १८९७ चा साथरोग कायदा, प्लेगच्या वेळचा, इंग्रजांचा. २०२० मध्ये देशभर त्याचाच आधार घेतला गेला. मूळचा चार कलमांचा एवढासा कायदा, पण त्याच्या दुसऱ्याच कलमात लिहिलंय की उपायांचा खर्च, द्यायची असल्यास भरपाईसुद्धा, कुणी आणि कसा सोसायचा हे सरकारने ठरवावं. भरपाई! ज्या सरकारचा अधिकारी रँड पुण्यात प्लेगच्या जुलमापायी मारला गेला, त्या सरकारने लिहिलेल्या कायद्यातही कोंडलेल्याला काही द्यावं लागेल ही शक्यता होती. आम्ही स्वतंत्र झाल्यावर त्याच्याकडूनच घ्यायचं ठरवलं.

आणि मी काय केलं? काही नाही. रजिस्टर भरत बसलो. एके दिवशी एक वयस्कर स्वयंपाकी, साष्टीतला, बिल हातात घेऊन माझ्या टेबलाशी आला. त्याला वाटलं मी सरकार आहे. "सायबा, हें कोणें घातलां?" एवढंच विचारलं. मी हॉटेलच्या काउंटरकडे बोट दाखवलं. काउंटरवाल्याने माझ्याकडे दाखवलं. तो दोघांच्या मध्ये उभा राहिला थोडा वेळ. मग खिशातून पैसे काढले, मोजले. मी रजिस्टरमध्ये "सुटका" रकान्यात तारीख घातली आणि त्याची सही घेतली.

हे सगळं आता उठलं आहे. विमानतळावर कुणी हमीपत्र मागत नाही. मेव्हणा २०२१ मध्ये परत जहाजावर गेला, अजून आहे. पण पुढची साथ येईल तेव्हा जुन्या फायली निघतील. आम्ही कारकून तेच करतो, मागचा आदेश काढून तारीख बदलतो. म्हणून आत्ताच, शांततेच्या काळात, राज्याच्या साथरोग नियमांत एक ओळ घालून घ्यायला हवी. सक्तीने ठेवलेल्या माणसाच्या राहण्या-जेवणाचा खर्च सरकारचा. आमदारांना पत्र लिहिलंय. उत्तर आलेलं नाही.

बिल माझ्याकडेच आहे. मेव्हणा म्हणाला होता, फाडून टाक. मी विजेच्या बिलांच्या फाइलीत लावून ठेवलंय. परवाच्या चहानंतर ते झेरॉक्स करून ऑफिसात नेलं आणि त्या सहकाऱ्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून सर्व्हिस चार्जची ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि विचारलं, "रूम कोण झाडायचा म्हणालास?"