शेवाळी भिंत

आमच्या वलवणला पावसाळ्यात अंगणातल्या फरशीपासून कुंपणापर्यंत सगळ्यावर शेवाळ चढते. त्यामुळे बैठकीच्या खोलीला फिका शेवाळी रंग देऊ या म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बाहेर कमी आहे का, म्हणून आता घरातही?"

खरे सांगू? रंग मला आवडला होताच, पण पश्चिमेच्या भिंतीवरचे ओलीचे डाग त्यात झाकले जातील, हा हिशेबही मनात होता. तिथेच चुकले! ऑइलपेंट लावला आणि पुढच्या जुलैत त्याला फोड येऊन पापुद्रे सुटले. ओल रंगाखाली कोंडते, थांबत नाही. आधी बाहेरच्या भेगा बुजवा, पागोळीचे पाणी भिंतीवर येते का ते पाहा. दिवाळीपूर्वी रंग काढायची आपल्याला कोण घाई! पण घाटमाथ्यावर भिंती तोवर कुठल्या सुकायला? दुसऱ्यांदा मी थेट जानेवारीत काम काढले.

ऑइलपेंट पार खरवडून या वेळी चुनाच दिला. चुन्यातून ओल बाहेर पडते, बुरशीही सहजी धरत नाही. चुन्यात पिवडी आणि चिमूट-चिमूट काजळी घातली, की शेवाळी छटा येते. काजळी पाण्यावर तरंगते, म्हणून आधी साबणाच्या पाण्यात खलावी. ओला रंग गडद दिसतो, वाळला की फिकटतो. तेव्हा हातभर तुकडा रंगवून दोन दिवस थांबा. धुक्याच्या दिवसांत ही छटा काळवंडते, म्हणून भिंत एकच. बाकीच्या तीन आणि छत पांढरे.

आता सासूबाईंची खुर्ची त्याच भिंतीला असते. पदराला चुना लागतो, ही तक्रार मात्र आहे. चुन्यात थोडा सरस उकळून घालायचा असतो, तो मी विसरले!