सौरविजेची बॅटरी आणि सामाईक जिना

नौपाड्यातील जुन्या इमारतींच्या गच्च्यांवर सौर पॅनेले बसू लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. गृहनिर्माण संस्थांना सामाईक सोयींसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. हे अनुदान पॅनेलांच्या क्षमतेवर मोजले जाते. बॅटरीसाठी त्यात वेगळा पैसा नाही; आणि जिथे सरकारचा पैसा जात नाही तिथे सरकारची नजरही सहसा जात नाही. बॅटरी कोणती घ्यावी हा निर्णय त्यामुळे ग्राहकाच्या खिशावर आणि विक्रेत्याच्या जिभेवर सोपविला गेला आहे.

ही ज्याच्या त्याच्या आवडीनिवडीची बाब आहे, हे म्हणणे मान्य करता येत नाही. आपल्याकडच्या जुन्या इमारतीला बहुधा एकच जिना असतो. पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने स्वस्तात घेतलेली बॅटरी पेटली, तर धूर वरच्या सर्व बिऱ्हाडांना कोंडतो. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा एक मुलगा भाजला आणि दगावला. ती बॅटरी वाहनाची होती, सौर संचाची नव्हे. परंतु माणसांच्या वावरात विजेचा साठा ठेवला जातो, एवढे साम्य आपल्याला पुरेसे आहे.

‘लिथियम’ हे एका वस्तूचे नाव नसून एका कुळाचे आहे, हे विक्रेते क्वचितच सांगतात. निकेल, मँगनीज व कोबाल्ट वापरणारा प्रकार वजनाला हलका, म्हणून वाहनांना सोयीचा. पण तो अति तापला की स्वतःच प्राणवायू सोडतो आणि आग आतूनच पोसली जाते. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये प्राणवायू फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे ही साखळी सहजी सुरू होत नाही. हा प्रकार थोडा जड असतो खरा, पण घराच्या बॅटरीला कुठे धावायचे असते? (हा पदार्थ १९९७ मध्ये अक्षय पाढी, गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणला तो टेक्सासच्या सार्वजनिक विद्यापीठात. खाजगी उद्योगाच्या कर्तबगारीचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.)

भारनियमनाच्या वर्षांत घरोघरी आलेली शिशाची बॅटरी अशी भडकत नाही. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, म्हणून तिला हवेशीर जागा हवी, इतकेच. तिचा खरा धोका मात्र ती घराबाहेर गेल्यावर सुरू होतो. भंगारात फोडलेल्या बॅटऱ्यांतील शिसे उघड्या भट्टीत वितळविले जाते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार भारतातील सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात चिंताजनक प्रमाणात शिसे आहे, आणि अशा भट्ट्या हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. मध्यमवर्गीयाच्या घरात सुरक्षित असलेली वस्तू भट्टीशेजारच्या मुलाला विषारी ठरत असेल, तर तिला सुरक्षित म्हणायचे कोणत्या हिशेबाने? २०२२ च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पण भंगारवाला रोख पैसे देतो, आणि नियम हरतो.

अर्थशास्त्रज्ञ ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, मालाची प्रत ग्राहकाला दिसत नसेल तर वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो. बॅटरीची मोहरबंद पेटी हे त्याचेच नमुनेदार उदाहरण. आतले सेल नवे की जुन्या वाहनांतून काढलेले, हे कोण उघडून पाहणार? म्हणून आयईसी ६२६१९ या मानकानुसार झालेल्या चाचणीचा दाखला मागितला पाहिजे, आणि अनुदानित संचाला जोडली जाणारी बॅटरीही अशा दाखल्याशिवाय चालणार नाही, अशी अट सरकारने घातली पाहिजे. ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील आपल्या कार्यकर्त्यांनी ही मागणी लावून धरावी.

त्याआधी एक प्रश्न विचारावा : बॅटरी हवीच कशाला? महावितरणची वीज गेली की तिला जोडलेला साधा सौर संचही बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या कामगाराला धक्का बसू नये म्हणून ती योजना आहे. ग्राहक यावर हिरमुसतो आणि विक्रेता बॅटरी पुढे करतो. परंतु वीज क्वचितच जाते अशा वस्तीत घरटी बॅटरी ही उधळपट्टी होय. जास्तीची वीज नेट मीटरने महावितरणकडे जातेच. उद्वाहन, पाण्याचा पंप, जिन्यातील दिवे यांसाठी इमारतीची मिळून एक बॅटरी असावी. एखाद्या घरी रुग्णाचे प्राणवायूचे यंत्र चालू असेल, तर त्याचीही जोडणी तिच्यावर घ्यावी.

तिची जागा सर्वसाधारण सभेत ठरवावी. जिन्याखाली नको, मीटरच्या खोलीत नको, गच्चीवरच्या पत्र्याखाली तर मे महिन्याच्या उन्हामुळे मुळीच नको. तळमजल्यावर, पण वंदना टॉकीजच्या परिसरात पावसाचे पाणी किती चढते ते आठवून, उंच ओट्यावर. सभेच्या आधी अग्निशमन दलाला लेखी पत्र देऊन जागेची पाहणी करवून घ्यावी, आणि विक्रेत्याच्या करारातच जुनी बॅटरी परत नेण्याचे कलम लिहून घ्यावे.