अणुऊर्जेचा निधी : मंजुरी म्हणजे खर्चाची सक्ती नव्हे

जबलपूर : मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ असलेल्या या शहराच्या दक्षिणेस, बर्गी जलाशयाच्या काठी, मंडला जिल्ह्यात चुटका अणुऊर्जा प्रकल्प नियोजित आहे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये एकत्रित मंजुरी दिलेल्या दहा स्वदेशी अणुभट्ट्यांपैकी प्रत्येकी ७०० मेगावॉटच्या दोन येथे उभारायच्या आहेत. याच मंजुरीतील राजस्थानच्या माही बांसवाडा प्रकल्पाची पायाभरणी सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. चुटका मात्र मागे राहिला. मंजूर प्रकल्पाचा निधी सरकारने रोखून धरल्यास कायदा त्याला कुठवर अडवू शकतो, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

संविधानाच्या अनुच्छेद ११४ नुसार विनियोजन कायद्याखेरीज संचित निधीतून पैसा काढता येत नाही. हे बंधन परवानगीवाचून होणाऱ्या खर्चावर आहे; परवानगी मिळालेली रक्कम खर्च केलीच पाहिजे, असे त्यात म्हटलेले नाही. उलट, अखर्चित रक्कम आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी परत करावी, असे वित्तीय नियम सांगतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात अणुऊर्जा मोहिमेसाठी जाहीर झालेल्या २०,००० कोटी रुपयांनाही हेच तत्त्व लागू होते.

अमेरिकेत अध्यक्ष निक्सन यांनी मंजूर निधी अडवून धरल्यानंतर तेथील काँग्रेसने १९७४ मध्ये अशा कृतीवर मर्यादा घालणारा कायदा केला. भारतात तसा कायदा नाही. महालेखापरीक्षकांचा अहवाल आणि लोकलेखा समितीची छाननी हे संसदेचे उपाय आहेत. पण ते वर्ष सरल्यानंतरचे.

न्यायालयेही येथे जपून पाऊल टाकतात. कुडनकुलम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अणुऊर्जेचे धोरण ठरवणे हे न्यायालयाचे काम नसल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे ‘प्रकल्प उभारा’ असा आदेश मिळण्याची शक्यता कमीच.

मात्र कायद्याने कर्तव्य नेमून दिले की चित्र बदलते. मध्य प्रदेशातीलच रतलाम नगरपालिकेने गटारांसाठी पैसा नसल्याचे कारण दिले, तेव्हा १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम ३८ याच दिशेचे आहे : निवाड्यानंतर भरपाई तीन महिन्यांत आणि पुनर्वसनाची आर्थिक रक्कम सहा महिन्यांत दिल्याखेरीज जमिनीचा ताबा घेता येत नाही.

बर्गी धरणाने एकदा विस्थापित केलेल्या आणि आता चुटक्यामुळे पुन्हा उठावे लागण्याची धास्ती घेतलेल्या कुटुंबांसाठी हा भेद निर्णायक आहे. अणुभट्टीचा निधी थांबवणे हा सरकारचा धोरणात्मक निर्णय ठरू शकतो. ताबा घ्यायचा आणि भरपाई थांबवायची, ही मुभा मात्र सरकारला नाही. या दोहोंमधल्या अनिश्चिततेवर आज कायद्याचे उत्तर नाही. निधी का थांबला, हे त्याच वर्षी संसदेसमोर लेखी मांडण्याचे बंधन घातल्यास ही उणीव काही अंशी भरून निघेल.