दाखल्याच्या अर्जावर सही करू नका

पालकहो, मुख्याध्यापकहो आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनो,

निकालाचे दिवस तोंडावर आले आहेत. वर्षभर मारामाऱ्या केलेल्या, कुणाचं तरी डोकं फोडलेल्या पोराच्या आईवडिलांना याच दिवसांत ऑफिसात बोलावलं जातं. "आम्ही काढत नाही हो, तुम्हीच दाखला न्या. शेरा चांगला देतो." आई गोंधळून अर्ज लिहून देते. मग दाखल्यावर छापून येतं: वर्तणूक चांगली, शाळा सोडण्याचे कारण पालकांची विनंती. दोन्ही धादांत खोटं. पुढच्या शाळेला काही कळत नाही आणि पोरगा तिथेही पहिल्या महिन्यात कुणाला तरी मारतो, नाहीतर कुठेच जात नाही.

हा अर्ज लिहून देऊ नका. शाळांनीही तो मागू नये.

शिक्षण हक्क कायदा, २००९ मधलं कलम १६ सांगतं की आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली, पण काढण्यावरची बंदी तशीच ठेवली. (सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालामुळे अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही.) नववीत हे कवच संपतं, म्हणून तिथल्या पालकांनी जास्तच सावध राहावं.

ज्या घरातल्या लेकराला टाके पडले, त्या घराला मात्र हे कलम ऐकवत बसू नका. त्यांचा राग रास्त आहे. आधी दवाखाना. त्याच दिवशी दोन्ही घरांना निरोप आणि प्रसंगाची लेखी नोंद. मारणाऱ्याची तुकडी बदला, मधल्या सुट्टीत त्याच्यावर मोठ्या माणसाची नजर ठेवा, गरज पडली तर काही दिवस त्याला वेगळं बसवून शिकवा. दुखापत गंभीर असेल तर पोलिसांना कळवा. ते प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल. त्यासाठी पटावरून नाव कमी करावं लागत नाही. आणि त्याला झोडपून सरळ करू, हा विचार कुणाच्या मनात असेल तर कलम १७ ने तेही बंद केलं आहे.

इंग्लंडमध्ये मुलाला शाळेतून कायमचं काढता येतं. पण मुख्याध्यापकाला कारणं लेखी द्यावी लागतात, पालकांना शाळेच्या नियामक मंडळापुढे म्हणणं मांडता येतं आणि शाळेच्या सहाव्या दिवसापासून त्या मुलाच्या पूर्णवेळ शिक्षणाची सोय करणं स्थानिक प्रशासनावर बंधनकारक असतं. आपला कायदा त्याहून उदार आहे, पण आपण त्याला मागच्या दाराने वळसा घालतो. काढलंच नाही म्हटल्यावर कारण लिहायला नको, सुनावणी नको, पुढे पोरगा कुठे गेला हे कुणी विचारायलाही नको.

भरलेला वर्ग सांभाळणाऱ्या बाईंनी हे एकटीने निभवावं, असं मी म्हणणार नाही. व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. समुपदेशक द्या, हा ठराव त्यांनी या महिन्याच्या बैठकीत करावा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवून पोच घ्यावी. मुलाच्या घरी काय चाललं आहे, हेही कुणीतरी जाऊन पाहावं. मार खाणारं पोरच पुष्कळदा मारतं. घरातच मारहाण होत असेल तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'त्याला काढा' म्हणून सह्या गोळा करणाऱ्यांनी निदान त्या मुलाचं नाव, फोटो आणि मारामारीचा व्हिडिओ फिरवणं आजच थांबवावं. प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे.

अर्ज आधीच लिहून दिला असेल तर उद्याच मुख्याध्यापकांना दुसरा द्या: 'दाखला शाळेच्या सांगण्यावरून मागितला होता, ती विनंती मागे घेत आहे.' एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा, दुसरीवर शाळेचा शिक्का व तारीख घ्या. शाळा तो अर्ज घेत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा, पण जूनमध्ये शाळा उघडण्याआधी.