साथ सरकारची, खर्च घरचा

१/
४ फेब्रुवारी १८९७ रोजी ब्रिटिश हिंदुस्थानात एक कायदा मंजूर झाला. अवघ्या चार कलमांचा. साथीचे रोग कायदा या नावाने तो आजही जिवंत आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने कोविडची नियमावली काढली ती याच कायद्याच्या आधारे. त्याच्याविषयी लिहिताना झडत्या, सक्ती आणि विलगीकरण यांवर पानेच्या पाने खर्ची पडतात. दुसऱ्या कलमात एक छोटा वाक्यांश आहे, त्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हा धागा त्या वाक्यांशाविषयी आहे.

२/
त्याचा आशय असा: साथ रोखण्यासाठी झालेला खर्च, आणि भरपाई द्यावयाची झाल्यास तीही, कोणी व कोणत्या रीतीने सोसावी हे सरकार ठरवील. ‘झाल्यास’ हा शब्द नजरेआड होऊ देऊ नये. साथ आवरण्याचा अधिकार सरकारकडे, खर्चाचा धनी नेमण्याचा अधिकारही सरकारकडेच. चौथे कलम तर आणखी पुढे जाते. कायद्यान्वये सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृतीबद्दल कोणावर दावा लावता येत नाही.

३/
हे आज सांगण्याचे कारण आहे. कोविडकाळातील सरकारी खर्चाचा विषय निघाला की दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले, ‘संकटात हिशेब मागणे हा करंटेपणा आहे.’ दुसरे, ‘आता विषाणूसोबत जगायचे आहे, जुने उकरून काय मिळणार?’ दोन्ही उत्तरे नवी आहेत असे देणाऱ्यांना वाटते. ती नवी नाहीत, आणि महाराष्ट्रात तरी ती इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत.

४/
सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले. महिनाभरात आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. तेथे नेलेला माणूस परत येत नाही, ही त्यांची भीती होती. (हेच रुग्णालय आज कस्तुरबा म्हणून ओळखले जाते. २०२० मध्ये मुंबईतील पहिले कोविड रुग्ण तेथेच दाखल झाले.) मार्च १८९७ मध्ये सरकारने प्लेगचा कारभार महापालिकेच्या हातून काढून जनरल गॅटेकर यांच्या समितीकडे सोपवला.

५/
पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड आला. पुढचे सर्वांना पाठ आहे: गोऱ्या सोजिरांच्या झडत्या, रस्त्यावर आणून जाळलेले सामान, २२ जून १८९७ ची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता, चापेकर बंधू. पाठ्यपुस्तक येथे थांबते, आणि पैशाची गोष्ट येथूनच सुरू होते.

६/
रँडच्या वधानंतर पुण्यावर जादा दंडात्मक पोलीस बसवण्यात आले, आणि त्यांचा खर्च पुणेकरांवर लादण्यात आला. ज्या शहराने त्या वर्षी घरटी माणसे गमावली होती, व्यापार बुडालेला पाहिला होता आणि अर्धी वस्ती गाव सोडून गेलेली पाहिली होती, त्याच शहराच्या खिशातून त्याच्यावरील पहाऱ्याचा पगार गेला. सरकारी तिजोरी बंदोबस्तासाठी कशी तत्परतेने हलते, आणि ती हलवूनही भार कोणावर टाकते, याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा सापडणे कठीण.

७/
मग शुश्रूषा कोणी केली? सावित्रीबाई फुले यांनी. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर हडपसरजवळ दवाखाना उघडला होता. तेथे रुग्ण पोहोचवता पोहोचवता सावित्रीबाईंना प्लेगने गाठले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पुण्यात लोकवर्गणीतून स्वतंत्र प्लेग रुग्णालय उभे करण्यात टिळकांनी पुढाकार घेतला. त्याग, वर्गणी, शेजारधर्म यांची ही परंपरा वंदनीय आहे, यात शंका नाही. परंतु तिचा गौरव करता करता एक गोष्ट विसरली जाते. ही माणसे जी जागा भरून काढत होती ती सरकारने मोकळी सोडलेली होती.

८/
आता त्याच वसंतातील दुसरे दृश्य. एप्रिल १८९७ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातील एक तरुण प्राध्यापक लंडनमध्ये वेल्बी आयोगासमोर साक्ष देत होता. विषय: हिंदुस्थान सरकारचा खर्च. लष्करावर किती, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पगार-पेन्शनवर किती, शिक्षणावर किती. वय जेमतेम तीस. नाव गोपाळ कृष्ण गोखले. मायदेशी पुणे प्लेगने ओस पडत असताना हा माणूस परक्या राजधानीत आकडे मांडत बसला होता. आजच्या भाषेत त्याला ‘संकटात राजकारण करणारा’ म्हटले गेले असते.

९/
पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे गोखल्यांनी सोजिरांच्या वर्तनाविषयी ‘मँचेस्टर गार्डियन’ला मुलाखत दिली. परतल्यावर पुरावा देण्यास कोणी पुढे येईना, तेव्हा त्यांना जाहीर माफी मागावी लागली. मानहानी मोठी होती. पण त्यांनी आकडे सोडले नाहीत.

१०/
२६ मार्च १९०२. कलकत्ता, व्हाइसरॉयचे विधिमंडळ. अर्थसदस्यांनी सात कोटी रुपयांची शिल्लक दाखवली होती आणि सभागृहात अभिनंदनाचे भाषण चालू होते. गोखल्यांची पाळी आली, आणि या अभिनंदनात मनापासून सामील होता येत नाही असे सांगून त्यांनी सुरुवात केली. देशात दुष्काळ आणि प्लेग एकाच वेळी ठाण मांडून बसले असता तिजोरीत शिल्लक राहते याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा अधिक कर वसूल झाला, हा त्यांच्या युक्तिवादाचा कणा. मिठावरील कर कमी करा, शिक्षणावर आणि लोकांच्या हितावर खर्च करा. १९०३ मध्ये मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, आणि पुढील वर्षांत आणखी उतरला.

११/
हे गोखले मवाळ. सरकारचे हितचिंतक म्हणून टीका सोसलेले. साथीच्या काळात हिशेब मागणे हे जर कृतघ्नपणाचे लक्षण असेल, तर महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील सर्वात सभ्य माणसास प्रथम कृतघ्न ठरवावे लागेल.

१२/
आता ‘सोबत जगण्या’विषयी. प्लेग १८९७ मध्ये संपला नाही. तो हिवाळ्यामागून हिवाळे येत राहिला. देशभरात १९०७ या एकाच वर्षी दहा लाखांहून अधिक माणसे दगावली, आणि तीन दशकांतील एकूण बळी एक कोटीच्या पुढे गेले. विरोध वाढला तशी शतक उलटताना सरकारने सक्ती सैल केली. घरोघरच्या झडत्या थांबल्या, हे योग्यच झाले. पण सक्तीबरोबर जबाबदारीही सैल झाली.

१३/
घरात उंदीर पडला की गाव सोडायचे आणि माळावर झोपडी घालायची, ही रीत मराठी मुलुखात रुळली. जुन्या पिढीच्या आठवणींत या ‘प्लेगच्या झोपड्या’ वारंवार येतात, आणि बहुधा गमतीच्या सुरात, कारण आठवण सांगणारा तेव्हा मूल होता आणि माळावर खेळायला मिळे. झोपडीच्या तट्ट्या, वासे, बैलगाडीचे भाडे, बुडालेली मजुरी, कुलूप लावलेल्या घरात पडलेली चोरी: हा सारा खर्च कुटुंबाचा. ज्यांच्यापाशी वासे विकत घेण्यास पैसे नव्हते ते गावातच राहिले. रोगासोबत जगणे म्हणजे प्रत्यक्षात काय, ते या माळावर दिसत होते.

१४/
न्यायाची गोष्ट ही की सर्वच सरकारी खर्च वाया गेला नाही. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्लेग संशोधन प्रयोगशाळा स्थिरावली. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या अंगावर टोचून पाहिलेली लस तेथे मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली ही संस्था शतकभर उपयोगी पडली. दुसरीकडे १८९८ मध्ये मुंबई नगर सुधारणा ट्रस्ट आला. त्याने रुंद रस्ते काढले, दाट वस्त्या पाडल्या. पाडलेल्या खोल्यांच्या बदल्यात परवडणाऱ्या खोल्या मात्र आरंभीच्या काळात पुरेशा उभ्या राहिल्या नाहीत, आणि हलवलेली गरीब माणसे शेजारच्या तितक्याच कोंदट चाळींत शिरली. खर्च झाला एवढ्याने काही सिद्ध होत नाही. तो कोणासाठी झाला, हे पाहावे लागते.

१५/
२०२० कडे येऊ या. १२ मे रोजी वीस लाख कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले, देशाच्या सकल उत्पन्नाच्या सुमारे दहा टक्के. त्यातील मोठा भाग कर्जे, कर्जहमी आणि रिझर्व्ह बँकेने उपलब्ध केलेली रोकड यांचा होता. कर्ज म्हणजे परत फेडावयाचा पैसा, त्यास मदत म्हणता येते, खर्च म्हणता येत नाही. मोफत धान्य मात्र खरे होते. सुमारे ऐंशी कोटी लोकांसाठी माणशी पाच किलोची ही योजना नसती तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही, आणि टीकाकारांनी हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

१६/
पण लशीचे काय? अर्थसंकल्पात २०२१-२२ साठी ३५,००० कोटी रुपये लसीकरणास ठेवले होते. तरीही एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना, १८ ते ४४ वयोगटाची लस राज्यांनी आणि खासगी रुग्णालयांनी स्वतः विकत घ्यावी असे धोरण आले. एकाच कोविशील्डचे तीन भाव ठरले: केंद्रास १५० रुपये, राज्यांस आधी ४०० व मग ३००, खासगी रुग्णालयांस ६००. महाराष्ट्राने या वयोगटासाठी सुमारे ६,५०० कोटींचा भार उचलण्याची तयारी केली. सर्वोच्च न्यायालयाने या धोरणावर कठोर ताशेरे ओढले, आणि जूनमध्ये केंद्राने ते फिरवले. १८९७ च्या वाक्यांशातील ‘कोणी सोसावा’ हा प्रश्न सव्वाशे वर्षांनी लशीच्या कुपीवर छापलेला दिसतो.

१७/
आणि परळची ती प्रयोगशाळा? साथीचे वर्ष उलटल्यावर, एप्रिल २०२१ मध्ये हाफकिनला कोव्हॅक्सिन तयार करण्याची परवानगी मिळाली. सार्वजनिक लसनिर्मितीची शंभर वर्षांची परंपरा ज्या शहरात आहे तेथे हा विचार इतक्या उशिरा का सुचला, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिलेले नाही.

१८/
रुग्णालयांच्या बिलांचेही असेच. मे २०२० मध्ये राज्य शासनाने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले: साधा वॉर्ड दिवसाला ४,०००, अतिदक्षता ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. निर्णय धाडसी होता आणि त्याने अनेक घरे वाचवली. तथापि पीपीई किट आणि महागडी औषधे या दरांबाहेर राहिली, आणि बिलांनी नेमकी तीच वाट धरली.

१९/
ताप उतरल्यावर सारे संपले असेही नव्हे. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडमधून उठलेल्या, विशेषतः मधुमेही, रुग्णांना म्युकरमायकोसिसने गाठले. कोणाचा डोळा गेला, कोणाचा वरचा जबडा. अँफोटेरिसिनच्या एकेका कुपीस काही हजार रुपये, आणि कुप्या लागत डझनावारी. राज्याने हा आजार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घेतला, परंतु इंजेक्शनच बाजारात नसताना योजनेचे कार्ड हातात धरून नातेवाईक शहरभर फिरत राहिले. त्याखेरीज महिनोन्‌महिने टिकणारा थकवा, जिना चढताना लागणारी धाप, कामात न लागणारे चित्त. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या दीर्घ कोविडची व्याख्या केली. रोजंदारीवरील माणसास अशा थकव्याची रजा कोण देणार, हे त्या व्याख्येत असणे शक्य नव्हते.

२०/
भरपाईची गोष्ट तर ‘झाल्यास’ या शब्दाचे भाष्यच आहे. मृतांच्या कुटुंबांना चार लाख रुपये देणे आर्थिकदृष्ट्या झेपणारे नाही, अशी भूमिका केंद्राने न्यायालयात घेतली. ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रक्कम ठरवण्याचे काम सरकारी प्राधिकरणावर सोपवले, पण काही तरी देणे बंधनकारक आहे असे बजावले. अखेर पन्नास हजार ठरले, तेही राज्यांच्या आपत्ती निधीतून. पीएम केअर्स निधी मात्र माहिती अधिकाराच्या कक्षेबाहेर असल्याची सरकारची भूमिका कायम राहिली.

२१/
एक आक्षेप प्रामाणिक आहे, त्यास उत्तर दिले पाहिजे: पैसा आणायचा कोठून? २०२०-२१ मध्ये केंद्राची वित्तीय तूट सकल उत्पन्नाच्या ९ टक्क्यांवर गेली होती, तिजोरी भरलेली नव्हती. खरे आहे. पण तिजोरी साथ आल्यावर रिकामी दिसते, कारण साथ नसताना आरोग्यावर खर्च होत नाही. सरकारी आरोग्य खर्च २०२५ पर्यंत सकल उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट २०१७ च्या राष्ट्रीय धोरणात आहे. २०२१-२२ मध्ये, साथीचा सारा खर्च धरूनही, तो १.८४ टक्के होता. त्याच वर्षी देशातील एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून भरला. २०१३-१४ मध्ये हा वाटा ६४.२ टक्के होता, म्हणजे सुधारणा झाली आहे. पण शंभरातील एकोणचाळीस रुपये आजारी माणसाच्या घरातून निघत असतील, तर ‘विषाणूसोबत जगा’ हा सल्ला देणाऱ्याने त्या जगण्याचे बिल कोणाच्या नावे फाडले आहे तेही सांगावे.

२२/
२०२० मध्ये १८९७ च्या कायद्यात दुरुस्ती झाली. आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यास कडक शिक्षा आली, आणि दोषी ठरलेल्याने भरपाई द्यावी असेही आले. ते आवश्यकच होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात हा कायदा अपुरा असल्याचे सांगून एक तर त्यात भरीव दुरुस्ती करावी किंवा नवा कायदा आणावा अशी शिफारस केली. केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्था यांच्या अधिकारांची स्पष्ट वाटणी व्हावी असे त्यात आहे. अहवाल सार्वजनिक आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो १८९७ चा मूळ मसुदा शेजारी ठेवून वाचावा. दोन्ही हाती घेतल्यावर प्रथम दुसरे कलम उघडावे, आणि नव्या मसुद्यात खर्चाच्या त्या ओळीच्या जागी काय येते याची वाट पाहावी.