श्रीमंतांच्या मोटारी आणि विजेची शक्ति

मोटारगाड्यांच्या धंद्यांत गेल्या पांचसहा वर्षांत जी उलथापालथ चालली आहे तिच्याविषयीं आमच्या शाळेंतील विद्यार्थी जितक्या उत्साहानें बोलतात तितक्याच उत्साहानें ते व्याकरणाविषयीं बोलते तर आम्हांस फार समाधान वाटलें असतें. परंतु हा विषय केवळ मुलांच्या कुतूहलाचा आहे असें समजून सोडून देणें योग्य होणार नाहीं. जॅग्वार, मर्सिडीज, बेंटली, पोर्शे इत्यादि ज्या कारखान्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या पेट्रोलच्या एंजिनावर आपली कीर्ति उभारली, त्यांनीं एकामागून एक जाहीर केलें कीं आम्ही आतां विजेकडे वळणार. आणि त्यांपैकीं बहुतेकांनीं थोड्याच वर्षांत आपला शब्द सौम्य केला. असें कां व्हावें? लोक म्हणतात, बॅटरी पुरत नाहीं, वाटेंत वीज भरून घेण्याची सोय नाहीं, किंमत भारी आहे. हीं कारणें खोटीं नाहींत. तथापि आमच्या मतें मुख्य कारण निराळेंच आहे, आणि तें श्रीमंतीच्या कल्पनेंत दडलेलें आहे.

विजेची मोटार ही कांहीं आजची कल्पना नव्हे. ता. २९ एप्रिल १८९९ रोजीं पॅरिसजवळ आशेर येथें कामीय जेनात्झी नांवाच्या बेल्जियन गृहस्थानें ज्या गाडींत बसून ताशीं १०० किलोमीटरची मर्यादा रस्त्यावरील वाहनांत प्रथम ओलांडली, ती गाडी विजेवर चालणारी होती. पुढील वर्षीं पॅरिसच्या प्रदर्शनांत व्हिएन्नाच्या लोनर कारखान्याची एक गाडी मांडली होती. तिच्या पुढच्या चाकांतच विजेचीं यंत्रें बसविलेलीं होतीं, आणि तीं बसविणारा पंचविशींतला तरुण म्हणजे फर्डिनंड पोर्शे. ज्याचें नांव पुढें पेट्रोलच्या वेगवान गाड्यांशीं कायमचें जोडलें गेलें तोच हा! चार्लस् रोल्स यानेंहि १९०० सालीं विजेच्या गाडीची वाखाणणी केली होती. तिला आवाज नाहीं, घाण नाहीं, ठिकठिकाणीं वीज भरण्याची व्यवस्था झाली तर ती फार उपयोगी पडेल, असें त्याचें मत होतें. व्यवस्था झाली नाहीं, आणि चार वर्षांनीं रॉइसची गांठ पडल्यावर त्यानेंहि पेट्रोलचीच कास धरली. हेन्री फोर्ड यानें पेट्रोलच्या गाड्या लाखांनीं विकल्या. त्याची पत्नी क्लारा मात्र विजेची गाडी चालवीत असे.

त्या काळीं पेट्रोलची गाडी सुरू करावयाची म्हणजे पुढें उभें राहून लोखंडी दांडा हातानें फिरवावा लागे. एंजिनानें उलट उसळी घेतली तर मनगट मोडण्याची भीति. १९१२ सालीं कॅडिलॅक गाडीवर चार्लस् केटरिंग याच्या युक्तीचें यंत्र बसलें, नुसती कळ दाबतांच एंजिन चालूं लागलें, आणि विजेच्या गाडीची मोठी सोय तिच्या एकटीची राहिली नाहीं. गंमत अशी कीं तें एंजिन सुरू करणारें यंत्र विजेचेंच होतें.

श्रीमंतीचें मर्म पेट्रोलच्या एंजिनांत कसें येऊन बसलें तें आतां पाहूं. सिलिंडरांत पेट्रोलची वाफ व हवा यांचा भडका होतो, त्याच्या धक्क्यानें दट्ट्या खालीं जातो, आणि अशा धक्क्यांपासून चाकांचें फिरणें उत्पन्न होतें. चार सिलिंडर असले तर धक्के जाणवतात, सहा असले तर कमी जाणवतात. बारा असले तर एक लाट ओसरण्यापूर्वींच दुसरी येते, आणि आंत बसलेल्यास आपण पाण्यावरून चाललों आहों असें वाटतें. हा संथपणा फार महाग पडे. त्यासाठीं बारीक कारागिरी लागे, वर्षानुवर्षांचा अनुभव लागे, आणि ज्या कारखान्यास तो साधला त्याची बरोबरी दुसऱ्यास सहजासहजीं करतां येत नसे.

जॅग्वारचें उदाहरण घ्या. विल्यम लायन्स यानें १९२२ सालीं ब्लॅकपूल येथें एका भागीदारासह मोटारसायकलीच्या बाजूस जोडावयाच्या बैठकी करण्यापासून आरंभ केला. १९३५ सालीं जॅग्वार हें नांव प्रथम एका गाडीस मिळालें. १९४८ सालच्या एक्स्‌के १२० या गाडींत जें सहा सिलिंडरांचें एंजिन आलें, त्याच जातीच्या एंजिनांनीं १९५१ पासून १९५७ पर्यंत फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत पांच वेळां जिंकली. पुढें १९६८ सालीं एक्स्‌जे ही सेडान निघाली आणि चार वर्षांनीं तिला बारा सिलिंडर मिळाले. ब्रिटनच्या पंतप्रधानांस या जातीच्या गाडीची सवारी अनेक वर्षें होती. गाडीची रेषा सुंदर होतीच. पण तिच्या लांब बॉनेटखालीं जें होतें त्याच्या जोरावर ती रेषा शोभत असे.

उलट विजेचें यंत्र पहा. त्यांत भडका नाहीं, दट्ट्या नाहीं, धूर नाहीं. वीज मिळतांच पहिल्या क्षणापासून तें आपला पुरा जोर देतें. बारा सिलिंडर आणि कारागिरांच्या दोन पिढ्या यांनीं मिळून जो संथपणा साधला तो या यंत्राच्या अंगींच आहे. आणि तो लक्षाधीशाच्या गाडींत जितका असतो तितकाच शिक्षकाच्या गाडींत (शिक्षकानें ती घेतलीच तर) असतो. सारी अडचण येथें आहे. मार्च २०२४ मध्यें चीनमधील शाओमी या फोन बनविणाऱ्या कंपनीनें एस्‌यू ७ ही विजेची सेडान बाजारांत आणली. किंमत सव्वादोन लक्ष युआनच्याहि आंत. जन्मांत कधीं मोटार न बनविलेल्या या कंपनीनें त्या पहिल्याच वर्षांत एक लक्षाहून अधिक गाड्या ग्राहकांच्या स्वाधीन केल्या. तिची आकृति पोर्शेच्या टायकान गाडीशीं मिळतीजुळती आहे हें पाहणाऱ्यांस लगेच दिसलें. त्याच वर्षीं टायकानचा जगांतील खप सुमारें ४०,६०० वरून २०,८०० वर उतरला. या घसरणीचीं कारणें अनेक असतील, परंतु एंजिनाचा जो तट या जुन्या घराण्यांभोंवतीं होता तो ढासळल्याचें हें लक्षण आहे यांत आम्हांस संशय वाटत नाहीं.

म्हणूनच मुदती मागें घेतल्या जात आहेत. मर्सिडीजनें जुलै २०२१ मध्यें असें सांगितलें कीं, जेथें बाजाराची स्थिति अनुकूल असेल तेथें २०३० पर्यंत केवळ विजेच्याच गाड्या विकण्याची आम्ही तयारी करीत आहों. फेब्रुवारी २०२४ मध्यें तो बेत ढिला झाला. बेंटलीनें २०२० मध्यें २०३० हें वर्ष ठरविलें, आणि २०२४ मध्यें त्याचें २०३५ केलें. आमच्या वर्गांत निबंधाची मुदत कोणी अशी वाढवून मागितली असती तर आम्हीं काय उत्तर दिलें असतें हें विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. हे कारखाने ग्राहकांकडे बोट दाखवितात. ग्राहकाचें मन अजून तयार नाहीं म्हणतात. पण नॉर्वेमध्यें २०२४ सालीं विकल्या गेलेल्या दर शंभर नव्या मोटारींपैकीं सुमारें ८९ विजेच्या होत्या. तेथें सरकारनें पेट्रोलच्या गाडीवर भारी कर ठेवला व विजेच्या गाडीस वर्षानुवर्षें सूट दिली, हें खरें. परंतु त्यावरून एवढें तरी सिद्ध होतें कीं थंडी, डोंगर आणि लांबचे रस्ते यांची सबब पुरी पडत नाहीं. सामान्य मनुष्य तयार होतो. जो आपल्या गाडीच्या आवाजावरून ओळखला जाऊं इच्छितो त्याचें मन वळविणें अधिक कठीण आहे.

या गडबडींत जॅग्वारनें मात्र परतीचे दोर कापून टाकले. हा कारखाना २००८ सालीं टाटा मोटर्स कंपनीनें फोर्डकडून घेतला. म्हणजे कॉव्हेंट्रीच्या या जुन्या घराण्याची मालकी आज मुंबईस आहे. फेब्रुवारी २०२१ मध्यें त्यानें जाहीर केलें कीं २०२५ पासून जॅग्वार केवळ विजेचीच होईल. २०२४ मध्यें एक्स्‌ई व एक्स्‌एफ् या सेडान बंद झाल्या, एफ्-टाइपहि बंद झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडांत नव्या जॅग्वारची विक्री थांबली. त्या गाड्या जेथें बनत त्या कॅसल ब्रॉमिच येथील कारखान्यांत दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं स्पिटफायर विमानें तयार होत असत. दुकान उघडें, फलक झळकलेला, आणि आंत विकावयास नवा माल नाहीं, अशी अवस्था एखाद्या नामांकित पेढीनें आपण होऊन पत्करल्याचें दुसरें उदाहरण आमच्या ऐकण्यांत नाहीं. त्यांतच नोव्हेंबर २०२४ मध्यें रंगीबेरंगी वेषांतील माणसांची एक छोटी फिल्म प्रसिद्ध झाली, तींत मोटार मुळींच नव्हती! जगभर टवाळी झाली. पुढच्या महिन्यांत मायामी येथें नव्या गाडीचा नमुना दाखविण्यांत आला तेव्हां कांहीं टीकाकार थोडे शांत झाले.

आम्हांसहि ती फिल्म आवडली नाहीं. तरी एका पायावर इकडे व एका पायावर तिकडे उभे राहणाऱ्यांपेक्षां जॅग्वारचें वर्तन आम्हांस अधिक सरळ वाटतें. २०१८ सालीं त्यांनीं आय-पेस ही विजेची गाडी काढली व पुढील वर्षीं तिला जगांतील उत्तम मोटारीचा मान मिळाला. तेव्हां विद्येचा अभाव होता असें नाहीं. ज्याच्यापाशीं धन आहे त्यानेंच नव्या वाटेचा पहिला खर्च सोसावा, हें न्यायाचें आहे. महाग गाड्यांच्या नफ्यावर प्रयोग होतात आणि मग तीच विद्या स्वस्त गाडींत उतरते, असें टेस्लाच्या २०१२ सालच्या मॉडेल एस् या सेडानपासून आपण पाहत आलों आहों.

परंतु एवढ्यानें श्रीमंतांची गाडी निष्पाप ठरत नाहीं. मर्सिडीजची ईक्यूएस् ५८० ही विजेची सेडान २०२२ मध्यें आपल्या पुणें जिल्ह्यांत चाकण येथें जुळविली जाऊं लागली. तिचें वजन सुमारें अडीच टन, आणि तिच्या बॅटरींत सुमारें १०८ किलोवॅट-तास वीज मावते. त्याच वर्षीं टाटांनीं जी लहान टियागो विजेवर आणली तिच्या मोठ्या बॅटरींत २४. म्हणजे एका श्रीमंत कुटुंबाच्या गाडींत जेवढी बॅटरी जाते तेवढींत चार सामान्य कुटुंबांच्या गाड्या चालून वर थोडी उरते. बॅटरी कांहीं हवेंतून होत नाहीं. पुष्कळ बॅटऱ्यांत कोबाल्ट लागतें, त्याचा बहुतेक पुरवठा कांगोमधून होतो, आणि तेथें हातानें खणलेल्या खाणींत लहान मुलें राबतात हें अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेनें २०१६ मध्यें पुराव्यानिशीं उघड केलें. आमच्या सहावीसातवीच्या वर्गांत बसतात त्या वयाचीं हीं मुलें. लोह व फॉस्फेट यांच्या नव्या जातीच्या बॅटरींत कोबाल्ट लागत नाहीं व ती स्वस्तहि पडते. वजन मात्र थोडें अधिक, म्हणून लांब पल्ल्याचा डौल मिरविणाऱ्या गाड्या तिच्याकडे वळण्यास फार वेळ लावीत आहेत. येथें सबब सांगण्यास आम्हांस जागा दिसत नाहीं.

“सर, पण वीज तरी कोळशापासूनच होते ना?” असें एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें होतें. प्रश्न योग्य आहे. आपल्या देशांतील सुमारें तीन चतुर्थांश वीज कोळशाची. चंद्रपूरच्या चिमण्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस हें सांगावयास नको. तथापि पेट्रोलच्या एंजिनांत इंधनाच्या शक्तीचा मोठा भाग उष्णतेच्या रूपानें फुकट जातो, जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोंचतो. विजेचें यंत्र बॅटरींतील शक्तीचा फारच थोडा भाग वायां घालवितें. शिवाय चंद्रपूरचा धूर एके ठिकाणीं गांठतां येतो आणि विजेचें साधन उद्यां बदलतांहि येतें. गल्लीगल्लींतील हजारों नळ्यांचा धूर कोण गांठणार? पण अडीच टनांची गाडी एका मनुष्यास बाजारांत नेण्यासाठीं चालविली तर हा सारा हिशेब बिघडतो, हेंहि त्या विद्यार्थ्यास आम्हीं सांगितलें.

आपल्या देशांत विजेचा खरा स्वीकार आधीं कोणीं केला? रिक्षावाल्यानें. २०२३ सालीं हिंदुस्थानांत विजेच्या तीनचाकी गाड्या सुमारें ५ लक्ष ८० हजार विकल्या गेल्या, आणि त्या बाबतींत आपण चीनच्याहि पुढें गेलों. रिक्षावाल्यास एंजिनाच्या आवाजाचा अभिमान नव्हता. संध्याकाळीं हातांत चार पैसे अधिक उरतात एवढें त्यानें पाहिलें. नव्या जॅग्वारची किंमत एक लक्ष पौंडांहून अधिक राहील असें कारखान्यानें सांगितलें आहे, आणि ती इंग्लंडांत सोलिहल येथें बनावयाची आहे. टियागो गुजराथेंत साणंद येथें बनते. दोन्हींचा मालक एकच. सोलिहलला जें कांहीं नवें साधेल त्यांतलें किती व किती लवकर साणंदला पोंचतें, याकडे आमचें लक्ष राहील.